पिवळ्या दिव्याचा निरोप

घरांतील एखादें वडील माणूस दोनदां खोकलें, तर आपण लगेच डॉक्टरांकडे धांवत नाहीं. पण तोच खोकला महिनाभर टिकला, तर त्याकडे काणाडोळाहि करीत नाहीं. दाराशीं उभ्या असलेल्या मोटारीच्या बाबतींत मात्र हा विवेक आम्हांस सुचत नाहीं. समोरच्या फलकावर दिवा लागला कीं आम्ही एक तर घाबरून जातों, नाहीं तर तो न पाहिल्यासारखें करतों. हीं दोन्ही टोकें सारखींच महाग पडतात, हें आम्ही गेल्या वर्षीं पैसे मोजून शिकलों. तो धडा वाचकांस फुकट मिळावा, एवढ्याकरितांच हा प्रपंच.

आमच्या घरीं कै. तीर्थरूपांच्या हौसेची, परदेशी बनावटीची एक जुनी भारी मोटार आहे. तिचे गिअर आपोआप बदलतात. एके दिवशीं फलकावर दंतचक्राच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला व गाडी जड चालूं लागली. आम्हीं इंजिन बंद करून पुनः सुरू केलें. दिवा मालवला व आमचें समाधान झालें. असें तीन महिने चाललें. अखेर वाईस जातांना खंबाटकीचा घाट चढत असतां गाडीनें मध्येंच ओढ सोडली. इंजिन गर्जत होतें, पण चाकें पुढें सरकेनात. शेजारीं ऐंशी वर्षांच्या मातुःश्री आणि मागें मालमोटारींची रांग! कोणास इजा झाली नाहीं ही ईश्वरी कृपा. मातुःश्री एवढेंच म्हणाल्या, "अरे, तो दिवा बिचारा रोज सांगत होता, तूंच त्याचें तोंड बंद करीत होतास."

तो दिवा सांगत होता तरी काय? साध्या मोटारींत गिअर बदलणें हें चालकाच्या हातापायांचें काम. आपोआप बदलणाऱ्या गिअरबॉक्समध्यें तें काम तेल करतें. इंजिनाबरोबर फिरणारा एक पंप ह्या तेलास दाब देतो. त्या दाबानें क्लचच्या पातळ चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात व हवा तो गिअर पडतो. तेंच तेल इंजिनाची शक्ति पुढें नेतें आणि घर्षणाची उष्णताहि वाहून नेतें. अलीकडील गिअरबॉक्सवर एका लहानशा संगणकाची देखरेख असते. शक्ति आंत शिरते तो दांडा किती वेगानें फिरतो व बाहेर पडते तो किती, हें तो सतत मोजतो. चकत्या घसरूं लागल्या कीं हें प्रमाण जुळत नाहीं. मग हा पहारेकरी दिवा लावतो, गिअर बदलणें थांबवितो आणि घर गांठण्यापुरता एकच गिअर शिल्लक ठेवतो. ह्यास आपद्धर्मच म्हणावें. इंजिन पुनः सुरू केलें कीं तो नव्यानें परीक्षा सुरू करतो, म्हणून दिवा तात्पुरता मालवतो. दोष मात्र जागच्या जागीं असतो, आणि त्याची नोंदहि बहुधा संगणकाच्या स्मरणांत राहते.

आतां दिवा लागल्यास काय करावें? प्रथम सुरक्षित जागीं थांबावें. दिवा तांबडा असेल, जळका वास येत असेल किंवा गाडीखालीं तेल ठिबकत असेल, तर पुढें जाऊंच नये. केवळ तेल तापल्याची सूचना असेल, तर ठिबक व वास नसल्याची खात्री करून 'पार्क'मध्यें इंजिन मंद चालूं ठेवावें. तेल फिरत राहून निवतें. गाडी ओढून नेण्याची वेळ आल्यास चालणारीं चाकें जमिनीवर घासत नेऊं नयेत. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि तेलावांचून आंतील चक्रें रखरखीत फिरतात. सपाट गाड्यावर घालून नेणें हाच सरळ मार्ग.

घरीं आल्यावर आधीं बॅटरी तपासावी. विश्रांतींत तिचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट व इंजिन चालूं असतां बहुधा १३.५ ते १४.५ भरावा. अशक्त बॅटरीमुळें संगणक गोंधळतात व नसलेल्या रोगाचीं लक्षणें दाखवितात. एकाच वेळीं तीनचार दिवे लागले, तर दोष गिअरबॉक्सचाच असेल असें नाहीं. मोटारींतील संगणक एकमेकांशीं बोलत असतात. एका चाकाचा वेग मोजणारा कांटा बिघडला, तरी सगळ्यांचीच पंचाईत होते.

त्यानंतर तेल. तें किती उष्णतेस व कसें मोजावें, हें कंपनीच्या पुस्तकांत पाहूनच करावें. नवें तेल बहुधा लाल असतें. काळें व करपलेलें असेल, तर चकत्या जळल्याचा संशय घ्यावा. गुलाबी दुधासारखें दिसलें, तर रेडिएटरमधील पाणी त्यांत मिसळलें असें समजावें व गाडी मुळींच चालवूं नये. कित्येक मोटारकंपन्या हें तेल जन्मभर पुरतें असें सांगत आल्या. परंतु असे गिअरबॉक्स बनविणारी जर्मनीची झेड-एफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांमागें तें बदलण्याचा सल्ला देते.

मग संगणकाची नोंद वाचवावी. स्वस्त यंत्र बहुधा इंजिनाचीच नोंद वाचतें. त्यावर 'पी-०७००' असें आलें, तर त्याचा अर्थ 'गिअरबॉक्सच्या संगणकास कांहीं सांगावयाचें आहे' एवढाच. तें काय, हें त्या संगणकासच विचारणारें यंत्र पाहिजे. 'पी-०७१५' आंतील दांड्याच्या वेगमापकाकडे बोट दाखवितो, 'पी-०७३०' गिअरचें प्रमाण जुळत नसल्याचें सांगतो. हे आंकडे लिहून घेतल्याविना कोणासहि पुसूं देऊं नयेत.

ह्या वाचनाचें महत्त्व एका उदाहरणानें पटेल. मर्सिडीज-बेंझच्या मोटारी १९९५ पासून पुण्यास जुळविल्या जात आहेत. ह्या कंपनीनें १९९६ च्या सुमारास आणलेला पांच गतींचा '७२२.६' गिअरबॉक्स जाणत्या मिस्त्र्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याच्या तारांच्या जोडास रबरी कडीं असतात. तीं वृद्ध झालीं कीं समईच्या वातींतून तेल चढावें तसें तें तारांतून चढत थेट संगणकापर्यंत पोंचतें. गाडी दुसऱ्या गिअरमध्यें अडकून बसते, आणि पाहणारास वाटतें कीं सारा गिअरबॉक्सच संपला! वेळींच पाहिलें तर दोष त्या लहानशा जोडाचा.

असो. आमच्या मोटारीस तपासणाऱ्या पहिल्या गॅरेजनें नोंद न वाचतांच सारा गिअरबॉक्स बदलावा लागेल असें सांगितलें. खर्चाचा आंकडा मोटारीच्या किंमतीहून मोठा होता. वडीलबंधूंनीं ती भंगारांत देण्याचें ठरविलें. मातुःश्री कांहीं बोलल्या नाहींत, पण त्या रात्रीं त्या नीट जेवल्या नाहींत. पुतण्या म्हणाला, "काका, आधीं तिचें म्हणणें तरी ऐकून घेऊं." दुसऱ्या मिस्त्र्यानें नोंद वाचली, ती 'पी-०७३०' निघाली. खालच्या तबकाची रबरी पट्टी झिरपत होती व तेल फारच उतरलें होतें. एका क्लचच्या चकत्या जळल्या होत्या. बाकी सारें शाबूत होतें. तेवढ्याच बदलून गाडी चालूं झाली, तरी खर्च थोडाथोडका आला नाहीं. पहिल्याच दिवशीं पाहिलें असतें, तर पट्टी व तेल एवढ्यावर भागलें असतें, असें मिस्त्री म्हणाला. गाडीचें मरण टळलें तें त्या नोंदीमुळें. दंड मात्र आमच्या आळसाचा.

आतां मोटारींत एक वही ठेविली आहे. दिवा लागला कीं तारीख, किलोमीटर, चढ होता कीं उतार, गाडी थंड होती कीं तापलेली, हें तेथल्या तेथें लिहावयाचें, असा घरांत नियम झाला आहे. ज्या घरीं अशी जुनी मोटार असेल, त्यांनींहि असेंच करावें. मिस्त्र्यास लक्षणें नीट सांगतां आलीं, तर निम्मा शोध तेथेंच लागतो.