पेशीवरील प्रयोग आणि माणसाचा आहार

चेन्नईतील मैलापूर ही जुनी वस्ती कपालीश्वराच्या मंदिरासाठी जशी प्रसिद्ध आहे, तशीच ती सकाळच्या कॉफीसाठीही. पितळेच्या अगर पोलादाच्या दुमजली गाळणीत कॉफीच्या भुकटीवर उकळते पाणी ओततात आणि खाली थेंबाथेंबाने उतरलेला दाट अर्क तापलेल्या दुधात मिसळतात. वनस्पतिज द्रव्यांच्या गुणांविषयी घाईने मत बनविणाऱ्यांनी या पेयाचा अवश्य विचार करावा.

कोलेस्टेरॉल हा शरीराचा शत्रू नव्हे. पेशींची आवरणे, पित्तक्षार व काही संप्रेरके यांच्या घडणीस ते आवश्यक असते. रक्तातून ते सूक्ष्म मेदप्रथिनकणांच्या रूपाने वाहिले जाते. त्यांपैकी एलडीएल नावाचे कण उचलून पेशीत घेण्याचे काम पेशीच्या पृष्ठभागावरील काही प्रथिने करतात. त्यांना ग्राही म्हणतात. हे कार्य मुख्यतः यकृतात चालते. ग्राही अपुरे पडले की कण रक्तात साचतात आणि रोहिण्यांच्या भिंतींत शिरतात. मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ही व्यवस्था उलगडली. त्यासाठी त्यांना १९८५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

चहा, कॉफी, हळद, द्राक्षे यांत पॉलिफेनॉल वर्गाची द्रव्ये असतात. हिरव्या चहाच्या अर्काने प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी यकृतपेशींवरील ग्राही वाढतात, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. हळदीतील कुर्कुमिनाविषयीही तसाच निष्कर्ष पुढे आला. एवढ्यावरून ‘काढा घ्या, औषध सोडा’ असा उपदेश करणे सर्वथा गैर आहे.

काचपात्रातील पेशीला द्रव्य थेट मिळते. माणसाने सेवन केलेल्या पॉलिफेनॉलांचा मात्र थोडाच अंश मूळ रूपात रक्तात पोचतो. आतड्यातील जीवाणू व यकृत त्यांचे रूप पालटतात. म्हणूनच हिरव्या चहाच्या माणसांवरील चाचण्यांत एलडीएलमध्ये घट आढळली, तरी ती अल्प होती. शिवाय वनस्पतीत एकच द्रव्य नसते. कॉफीत क्लोरोजेनिक आम्ल हे पॉलिफेनॉल असते, तसेच तिच्या तेलात कॅफेस्टॉलही असते. आणि कॅफेस्टॉल त्याच ग्राहींचे कार्य मंदावते. उकळलेली, न गाळलेली कॉफी पुष्कळ प्यायल्याने कोलेस्टेरॉल वाढते, हे युरोपातील चाचण्यांनी दाखविले आहे. कागदी गाळणी कॅफेस्टॉल बव्हंशी अडविते. मैलापूरच्या गाळणीत कागद नसतो.

निसर्गातून औषध मिळत नाही, असा याचा अर्थ नव्हे. अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाला १९७३ मध्ये एका बुरशीत जे द्रव्य सापडले, त्यातूनच स्टॅटिन औषधांचा उगम झाला. ती यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतात. त्यामुळे पेशी अधिक ग्राही तयार करते. तथापि त्यांची प्रतिष्ठा केवळ पेशींवरील प्रयोगांवर उभी नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील चाचणीत ४,४४४ हृदयरुग्ण होते. त्यांपैकी सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले, तेव्हाच तिचा उपयोग निर्विवाद ठरला.

काही कुटुंबांत ग्राहीचे जनुकच जन्मतः सदोष असते आणि तरुण वयातच हृदयविकार जडतो. अशा रुग्णाने काढ्याच्या भरवशावर औषध टाकणे प्राणावर बेतू शकते. तेव्हा एखाद्या वनस्पतीची थोरवी ऐकताच जाणत्या वाचकाने विचारावे: प्रयोग पेशींवर झाला की माणसांवर? मात्रा किती होती? आणि रुग्णाचे आयुष्य खरोखर वाढले काय?