रूळ कोणी राखायचे?

लिनक्सच्या डेस्कटॉपवर अ‍ॅप पोचवायची फ्लॅटपॅकची रीत समंजस आहे. प्रत्येक अ‍ॅपने सगळा संसार पाठीवर बांधून यायचे नाही. चित्रे उघडणाऱ्या, अक्षरे जुळवणाऱ्या, नेटवर्कशी बोलणाऱ्या लायब्रऱ्या एका सामाईक ‘रनटाइम’मध्ये ठेवायच्या आणि अनेक अ‍ॅपनी त्या वापरायच्या. भांडण आहे ते या रनटाइमच्या आयुष्याचे. फ्रीडेस्कटॉपचा रनटाइम वर्षाला एक निघतो आणि साधारण दोन वर्षे सांभाळला जातो. ग्नोम या डेस्कटॉपचा सहा महिन्यांनी नवा येतो आणि जेमतेम वर्षभर टिकतो. यांतला निदान एक तरी पाच वर्षे सांभाळावा, एवढीच आमची मागणी. तिच्यावर तीन आक्षेप घेतले जातात.

पहिला आक्षेप असा, की जुने सांभाळाल तर जुनी भोकेही सांभाळाल. हा शब्दांचा घोटाळा आहे. सांभाळणे म्हणजे गोठवणे नव्हे. उबंटूची एलटीएस आवृत्ती पाच वर्षे चालते, रेड हॅटची दहा. त्या काळात रचना तीच राहते आणि सुरक्षेची ठिगळे तेवढी लागत जातात. उलट भोके पडतात ती आयुष्य आखूड असल्यामुळे. दारव्ह्याकडच्या एखाद्या शाळेतल्या जुन्या संगणकावर फ्लॅटपॅक अपडेट करून पाहा. अमुक रनटाइमची मुदत संपली, अशी एक ओळ येते आणि खाली हे अमुक अ‍ॅप तो वापरते, असे लिहिलेले असते. मास्तर ती ओळ वाचतात आणि अ‍ॅप उघडून बघतात. ते उघडते, मग ओळ विसरली जाते. काही मोडत नाही, हाच धोका. दुरुस्ती बंद झालेला रनटाइम तसाच कामाला जुंपलेला राहतो.

दुसरा आक्षेप: डिस्क स्वस्त झाली आहे, तर ज्याचे त्याने आपापले आणावे. अ‍ॅपइमेजचा मार्ग तोच. याला उत्तर सप्टेंबर २०२३ ने दिले आहे. वेबपी चित्रे उघडणाऱ्या लायब्ररीत तेव्हा गंभीर चूक सापडली. रनटाइममधली लायब्ररी वापरणाऱ्या अ‍ॅपना एकाच दुरुस्तीत संरक्षण मिळाले. इलेक्ट्रॉन नावाच्या चौकटीवर बांधलेली अ‍ॅप मात्र आपापली प्रत पोटात घेऊन बसली होती, त्यामुळे प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी आणि प्रत्येकाची वाट वेगळी पाहावी लागली. शिवाय डिस्क स्वस्त झाली म्हणून डाउनलोड स्वस्त होत नाही. झरी जामणीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवणाऱ्याचा दिवसाचा डेटा मोजका असतो. तीन अ‍ॅपना तीन वेगवेगळे रनटाइम लागले, की प्रत्येकी काही शे एमबी त्याच्याच खिशातून जातात.

तिसरा आक्षेप खरा जड आहे. हे सांभाळणार कोण? काम करणारे बहुतेक स्वयंसेवक, त्यांच्यावर पाच वर्षांचे ओझे का? ओझे आहे, हे मान्य. पण आज ते नाहीसे झालेले नाही, फक्त दुसऱ्याच्या डोक्यावर गेले आहे. एकट्याने मराठी शब्दकोशाचे छोटे अ‍ॅप करणारा माणूस घ्या. अक्षरांची जुळणी करणारी हार्फबझ रनटाइममध्ये असते. दर नव्या रनटाइमला त्याने अ‍ॅप पुन्हा बांधायचे, ‘ऱ्हास’मधला अर्धा र नीट उमटतो का, मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणावर तर गेले नाहीत ना, हे पुन्हा तपासायचे. मूठभरांचे काम वाचावे म्हणून शेकडोंनी तेच काम दरवर्षी करायचे, याला बचत म्हणत नाहीत.

आणि हे होऊ शकते, याचा दाखला घरातच आहे. क्यूटी या लायब्ररीची ५.१५ आवृत्ती आली २०२० मध्ये. केडीई या डेस्कटॉपने तिच्यावरचा रनटाइम फेकला नाही. खालचा फ्रीडेस्कटॉपचा पाया नवा घालत वरची ५.१५ ची शाखा चालू ठेवली. ग्राफिक्सचे ड्रायव्हर तर आधीपासूनच वेगळ्या पुरवणीत असतात, म्हणजे नव्या यंत्रासाठी अख्खा रनटाइम बदलायची गरज पडत नाही. ज्याला नवे हवे त्याने नवा रनटाइम घ्यावा. दोन्ही शेजारी शेजारी नांदतात.

यवतमाळकराला हे वेगळे समजवावे लागू नये. शकुंतला ही रेल्वेगाडी इथून मूर्तिजापूरला ७६२ मिलिमीटरच्या अरुंद रुळावरून धावायची. १९९४ मध्ये तिचे वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले. रुळांतले अंतर तेच राहिले आणि गाडी चालत राहिली. पुढे ती रखडली ती केवळ अंतर जुने म्हणून नव्हे. लाइन खासगी कंपनीच्या मालकीची, गाडी भारतीय रेल्वेची, आणि डागडुजी करायची कोणी, हा घोळ कधी मिटलाच नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या यंत्रांना ११ चालत नाही, त्यांच्या मालकांना आपण लिनक्सकडे बोलावतो ते यंत्र अजून टिकेल, या शब्दावर. मग त्या शब्दाची मुदत एक-दोन वर्षांची ठेवून कसे चालेल? पाच वर्षांचे काम फुकटच्या हातांवर टाकू नये, हेही तितकेच खरे. या रनटाइमवर धंदा करणाऱ्या कंपन्यांनी आणि त्यावर कार्यालये चालवणाऱ्या सरकारांनी दोन-चार पगारी माणसे द्यावीत. रनटाइम सामाईक आहे, तर त्याच्या डागडुजीचा खर्चही सामाईकच असला पाहिजे.