दोन आणि चार

गेल्या चवथीत आमच्या वाड्यावरच्या आरतीला माझं घुमट चुकलं. पंचवीस वर्षं वाजवतोय, अंगात ताप असताना वाजवलंय, रात्री अडीच वाजता सोळाव्या घरात वाजवलंय, कधी असं झालं नव्हतं. हात क्षणभर अडखळला आणि थाप जिथं पडायची तिथं न पडता पुढच्या मात्रेवर जाऊन बसली. शामेळवाल्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी नैवेद्याचं ताटच लवंडलं असावं. कांसाळेवाला पोरगा हसला. आरती पुढे गेली.

का चुकलं ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही. इथं सांगतो. चवथीआधीचे आठ महिने मी चोरून डबल बेस शिकत होतो. चोरून म्हणजे काय, माणसाहून उंच वाद्य चोरून शिकता येत नाही, पण वाड्यावर वाच्यता केली नव्हती. शेहेचाळीस वर्षांचा सरकारी कारकून, बी. ए. ला मराठी घेतलेलं, आयुष्यभर शेरे मारले आणि आवक-जावक नोंदवली, तो हे शिकतोय म्हटल्यावर लोक काय बोलतील ते मला पाठ आहे. बायको मात्र एकच बोलली : "ह्याला जेवायला काय घालायचं?"

झालं असं. शेतापलीकडच्या चर्चजवळ एक म्हातारे संगीतकार राहतात. कलाकारांच्या मानधनाचा अर्ज भरून द्यायला मी त्यांच्याकडे गेलो. बाल्कांवात बसून अर्ज भरला, सही घेतली आणि आत पाणी प्यायला गेलो, तर कोपऱ्यात चादरीखाली हे वाद्य उभं. मेस्त्र त्याला रबेकांव म्हणतात. पोर्तुगीज काळात पॅरिशच्या शाळेत सोल्फेज शिकलेला हा माणूस मुंबईला नाचाच्या बँडमध्ये वाजवून परत आला. मुलं परदेशात. वाद्याला हात लावणारं घरात कोणी नाही. मी चादर जराशी उचलली. त्यांनी उजव्या हाताने तार खेचून सोडली, लगेच उघड्या पंजाने तारांवर थाप दिली. टक्-चट्, टक्-चट्. अंगावर काटा आला. एकच माणूस, एकच वाद्य, पण स्वर वाजतोय आणि ढोलही वाजतोय! अर्जाच्या बदल्यात मी शिकवणी मागितली.

यालाच स्लॅप म्हणतात. घाईघाईने सांगायचं तर, डबल बेसला चार तारा, ई, ए, डी, जी. एरवी बोटाने हळुवार छेडायच्या नाहीतर गजाने वाजवायच्या. स्लॅपमध्ये पट्टीच्या खालच्या टोकाजवळ दोन बोटं तारेखाली आकड्यासारखी अडकवायची, तार बाजूला नव्हे तर पट्टीपासून सरळ वर, आपल्याकडे ओढायची आणि सोडायची. ती पट्टीवर आदळते, स्वर निघतो आणि त्याला टक् असा काठ येतो. मग हात उघडून पंजा तारांवर आपटायचा, हा चट्. त्यात स्वर नाही, नुसता ठोका. मूठ, पंजा, मूठ, पंजा. हाताने दार उघडमीट करावं तसं. स्वरामागे एक चट् घातला की साधा स्लॅप, त्यांच्या मध्ये आणखी ठोके भरत गेलं की दुहेरी, तिहेरी.

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे त्याला तिहेरी हवा असतो. माझीही तीच. दुसऱ्याच दिवशी मी घोडे उधळल्यासारखा सुटलो. मेस्त्र म्हणाले, "बाब, तुमी फुडें धांवतात. रबेकांव मागीर येता." आठवड्यात मधल्या बोटाला फोड आला. पोलादी तारांवर स्लॅप करणं म्हणजे बोटांचा कीस पाडून घेणं. जुने वादक मेंढीच्या आतड्याची तार लावत, तिचा ताण कमी, ती ओढली की मऊ येते आणि आदळते मात्र खणखणीत. ती महाग आणि पावसाळ्यात लहरी. आपल्या हवेत सकाळी लावलेला सूर दुपारी उतरलेला असतो. हल्ली कृत्रिम तारा मिळतात, त्यावर मी भागवतो. बोटाला औषधाच्या दुकानातली पांढरी पट्टी गुंडाळायची. कचेरीत साहेबांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, विळीवर कापलं.

पण फोड बरा होतो. माझा खरा घोटाळा मोजणीत झाला.

मेस्त्र पोर्तुगीजमध्ये मोजतात. उंव, दोयश, त्रेश, क्वात्र. एक आणि तीनवर स्वर, दोन आणि चारवर चट्. ऐकायला पोरखेळ. मी मनात म्हटलं, आठ मात्रांचा केरवा लहानपणापासून हातात आहे, चारपर्यंत मोजणं ते काय! आणि वाजवायला लागलो. मेस्त्रांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. ठोके बरोबर होते, वेळ बरोबर होती, तरीही काहीतरी चूक होतं. तीन आठवडे मला कळेना की काय. मग कळलं. माझा चट् वेळेवर पडत होता, पण त्यात वजन नव्हतं. सगळं वजन एकवर. मी समेवर येत होतो. प्रत्येक चार मात्रांनी घरी येत होतो आणि येताना नकळत मान हलवत होतो, जशी आपली पिढ्यान् पिढ्या हलत आली आहे. त्या संगीताला घर नको असं नाही, पण त्याचा जोर उंबऱ्यावर नाही, तो दोन आणि चारवर आहे. नाचणाऱ्याचं पाऊल तिथून उचललं जातं.

इथं एक जाणकार मित्र म्हणाला, आपल्याकडे खाली आहे की! आहे. पण खाली म्हणजे वजन काढून घेणं. डग्ग्याचा हात उचलायचा, म्हणजे सम येईल तेव्हा ती भरलेली वाटेल. दोन आणि चारवर वजन ठेवायचं असतं. काढणं आणि ठेवणं यात फरक नाही का?

आता माझं म्हणणं. "ताल म्हणजे ताल, सगळीकडे एकच" हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. फ्यूजनच्या कार्यक्रमात निवेदक म्हणतो, सत्कारात पाहुणे म्हणतात, आपल्या गोव्यात तर दर दुसऱ्या भाषणात असतं, कारण आम्हा गोंयकारांना एकोप्याचं वाक्य टाळ्या मिळवून देतं. मला ते खोटं वाटतं. गोड आहे, पण खोटं. तबला येणाऱ्याला सगळं वाजवता येतं हा त्याचाच भाऊ. चाळीस वर्षं समेवर उभा असलेला माणूस दोनवर सहज उभा राहू शकत नाही. त्याला पाय उचलून तिकडे ठेवावा लागतो, मध्ये तोल जातो, आणि तो जातोय हे लोक बघत असतात. लग्नाच्या रिसेप्शनला एकदा निरखून बघा. बँड इंग्रजी गाणं वाजवतो तेव्हा हॉलमधले अर्धे लोक एक-तीनवर टाळ्या देतात, अर्धे दोन-चारवर. कोण देवळाशेजारी वाढला आणि कोण चर्चशेजारी, ते तिथं आडनाव न विचारता कळतं. एकाच गावात, मध्ये एक शेत. आणि आम्ही म्हणतो, सगळं एकच!

हा दोन-चारचा ठोका बेसवर आला कुठून, तेही बघण्यासारखं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्सच्या नाचघरांत डबल बेसचा आवाज ट्रंपेट-ट्राँबोनच्या गदारोळात बुडून जायचा. तेव्हा ना माइक, ना स्पीकर. बिल जॉन्सन, पॉप्स फॉस्टर, स्टीव्ह ब्राऊन, वेलमन ब्रॉड असे वादक तारा ओढून आपटू लागले तेव्हा तो खोलीच्या टोकापर्यंत पोचला. 1925 नंतर विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि तबकडीवरही ऐकू येऊ लागला. 1928 च्या 'बुल फिडल ब्लूज'मध्ये बिल जॉन्सनची चटचट आजही स्पष्ट आहे. पुढे 5 जुलै 1954 ला मेंफिसच्या सन स्टुडिओत तिघंच होते. एल्व्हिस प्रेस्ली, गिटारवर स्कॉटी मूर आणि बेसवर बिल ब्लॅक. ड्रम नाही. ड्रमचं काम बिल ब्लॅकच्या पंजाने केलं. जगभर ज्याला रॉक अँड रोल म्हणून लोक नाचले, त्याचा ठोका त्या पहिल्या तबकडीवर एका बेसवाल्याचा तळहात आहे. विजेच्या बेसवरचा स्लॅप हे निराळं प्रकरण, तिथं अंगठ्याने तार ठोकतात. पण त्याची कथाही अशीच. लॅरी ग्रॅहम आईच्या बँडमध्ये वाजवायचा आणि ड्रमवाला नव्हता, म्हणून अंगठा आपटू लागला.

शास्त्रशुद्ध लोक या थापेला सर्कस म्हणतात. 1939 मध्ये जिमी ब्लँटन ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये आला, बेसवर सनईसारखी गाणी गाऊ लागला, आणि मग जाझवाल्यांना थापा मारणं जुनाट वाटू लागलं. ब्लँटन थोरच, वाद नाही. पण त्याच साली मिल्ट हिंटनने कॅब कॅलोवेच्या बँडबरोबर 'प्लकिंग द बेस' मुद्रित केलं, त्यात स्लॅपच स्लॅप आहे, आणि ते ऐकून कोणी सर्कस म्हणावं! आपल्याकडेही हेच नाही का? गाणारा वर, साथीदार खाली, आणि साथीदारातही ठोका देणारा सगळ्यात खाली. सनच्या त्या तबकडीवर एल्व्हिसच्या नावाखाली 'स्कॉटी अँड बिल' एवढं तरी छापलं होतं. मुंबईच्या हिंदी चित्रपटांत आमच्या गोंयच्या वादकांनी दशकानुदशकं वाजवलं, मांडण्या लिहिल्या, पण पडद्यावरच्या नामावळीत ते बहुतेक नसतच. 2012 मध्ये नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' आलं तेव्हा आमच्यातल्या कित्येकांना शेजारच्या वाड्यावरच्या माणसाने काय केलं होतं ते पुस्तकातून कळलं. मलाही. मी त्याच वाड्यावरून रोज कचेरीला जातो.

असो. दोन-चार जमवायला मेस्त्रांनी जो उपाय सांगितला तो कुणा नवशिक्याच्या उपयोगी पडेल. मेट्रोनोम साठवर लावायचा आणि त्याचा प्रत्येक टिक् हा एक नाही, दोन आहे असं समजायचं. पुढचा चार. एक आणि तीन आपण मनात शोधायचे, तिथं यंत्र गप्प असतं. पहिल्या दिवशी मला घाम फुटला. दोन मिनिटांत मन गडबड करायचं, टिक्लाच एक म्हणायचं, पुन्हा आपलं समेवर जाऊन बसायचं. मेस्त्र उठवायचे. पुन्हा. स्वर नको, डाव्या हाताने तारा नुसत्या झाकून धरायच्या आणि फक्त चट् द्यायचा. महिनाभर मी एकही स्वर वाजवला नाही. घरी बेस नाही, म्हणून बसमध्ये मांडीवर, कचेरीत फायलीवर. शिपाई म्हणाला, साहेब, कीड मारताय?

एका संध्याकाळी ते बसलं. कसं ते सांगता येत नाही. चट् जड झाला आणि स्वर हलके झाले, आणि पाय आपोआप हलला. मेस्त्र काही बोलले नाहीत, नुसते गिटार घेऊन बसले आणि दोघांनी अर्धा तास एकच चाल वाजवली.

आणि मग चवथ आली. पुढचं वर सांगितलंच आहे.

त्या रात्री मी घाबरलो, हे कबूल करतो. नवं काही आलं तर जुनं जातं का? शेहेचाळिसाव्या वर्षी हात दोन घरं सांभाळील का? मला मेस्त्रांचं रबेकांव हवं आहे, पण त्याच्या बदल्यात वडिलांनी मांडीवर बसवून शिकवलेलं घुमट द्यायची माझी तयारी नाही. दोन आठवडे मी शेतापलीकडे गेलो नाही. पाऊस होता, ते निमित्त पुरलं.

शेवटी गेलो तो घुमट घेऊनच. मेस्त्रांनी ते गळ्यात अडकवलं. मांडोला वाजवलेलं होतं त्यांनी, हात सराईत. 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं त्याची बातमी त्यांनी कापून ठेवली आहे. म्हणाले, तुमची आरती वाजवूया. मी बेसवर एक स्वर धरला आणि आरतीची चाल म्हणू लागलो. ते वाजवत राहिले, छान वाजवत राहिले, पण जिथं मी येत होतो तिथं ते येत नव्हते. त्यांची थाप एक मात्रा पुढे जाऊन बसत होती. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा ते थांबले, घुमटाच्या मागच्या तोंडावरचा डावा हात काढला आणि ऐंशी ओलांडलेला तो माणूस शाळकरी पोरासारखा चिडून म्हणाला, "तुमची ती सम खंय आसा, दाखयात म्हाका!"

मी दाखवली. त्यांना दिसली नाही. बाहेर अंधार पडला होता, जी तार दमट हवेने पाव सूर उतरली होती. मी चादर घालायला उठलो, तर म्हणाले, "आसूं दी. फाल्यां परत."