तुटीचा वाटा

गेली दहा-बारा वर्षे दिवाळीच्या तोंडावर गोदावरीच्या खोऱ्यात एकच आकडा घुमतो: ६५. ऑक्टोबरच्या मध्याला मराठवाड्यातल्या, पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा पासष्ट टक्क्यांच्या खाली असला, की वरच्या नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे यावर मोर्चे निघतात, याचिका दाखल होतात.

खरे तर वादाचा मुद्दा कधीच निकाली निघाला आहे. खोऱ्यातली तूट सर्वांनी मिळून सोसावी, ऑक्टोबरअखेर सगळ्या धरणांतल्या साठ्याची टक्केवारी जवळपास सारखी असावी, असे २००५चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा सांगतो. मेंढेगिरी समितीने २०१३मध्ये त्याचे सूत्र मांडले, प्राधिकरणाने २०१४मध्ये आदेश काढला आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६मध्ये तो उचलून धरला. तरीही २०२३मध्ये ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश ऑक्टोबरअखेर निघूनही ते सुटायला नोव्हेंबर सरत आला.

मग जे होते ते नदीकाठच्या लोकांना पाठ आहे. कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात. वाटेत उपसा होऊ नये म्हणून काठावरच्या मोटारींची वीज तोडतात, पोलीस बंदोबस्त लागतो. निफाडच्या बागायतदाराची द्राक्षाची छाटणी नुकतीच उरकलेली असते, त्याचा जीव आवर्तनात अडकलेला. तिकडे अंबड-घनसावंगीचा शेतकरी रब्बीसाठी जायकवाडीचा डावा कालवा कधी सुटतो याची वाट बघत बसलेला. आणि सोडलेल्या पाण्यातले कितीतरी पैठणला पोहोचण्याआधीच कोरड्या पात्रात जिरते.

आमचे मत असे: वरच्या धरणांनी पाणी दिलेच पाहिजे, आणि ते मराठवाड्यावर उपकार म्हणून नव्हे. पण ते सप्टेंबरातच, पात्र ओले असताना सोडावे, म्हणजे वहनव्यय कमी होईल. पावसाने ओढ दिली आहे हे ऑगस्टअखेर कळलेले असते; थांबायचे कशासाठी? जायकवाडीच्या लाभक्षेत्रानेही आपल्या उसाचा हिशेब मांडावा. देणाऱ्याच्या शेतात ऊस, घेणाऱ्याच्याही शेतात ऊस आणि भांडण मात्र पिण्याच्या पाण्याच्या नावाने, हे आता पुरे.

या अंकात खोऱ्याच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही अंगांचे शेतकरी आणि अभियंते लिहिते झाले आहेत. वाचकहो, आधी आपल्या विरुद्ध बाजूचा लेख वाचा. पटला नाही तर जरूर लिहा, पुढच्या अंकात जागा राखली आहे.