बंदुकीचा गेम चालतो, मग पाण्याच्या हंड्याचा का नाही?

शिरूर आणि दौंडच्या वाचनालयांनी चार बैठे खेळ घ्यावेत, त्यात ‘धिस वॉर ऑफ माइन’ असावा, एवढंच मी मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं. त्यावर कमेंटचा पाऊस. "पोरांना रडकं करताय." "युद्धाची थट्टा चाललीय." एका भाऊंनी तर सरळ विचारलं, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने? म्हणून आज सविस्तर.

आधी खेळ काय आहे ते ऐका. पोलंडमधल्या लोकांनी बनवलाय. २०१४ ला त्याचा व्हिडिओ गेम आला, २०१७ ला पटावरचा. डोळ्यासमोर सारायेव्होचा वेढा. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, जवळजवळ चार वर्षं ते शहर कोंडलेलं होतं. पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांवर तोफगोळे पडत होते. खेळात तुम्ही सैनिक नाही. पडक्या घरात अडकलेली साधी माणसं आहात. आणि भिडू एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. सगळ्यांनी मिळून एकच घर चालवायचं, हरले तर सगळे हरले. दिवसा ढिगारा उपसा, पाणी मिळवा, शेगडी मांडा. रात्री कुणीतरी अन्न-औषध शोधायला बाहेर, कुणीतरी पहाऱ्यावर, कुणाला तरी झोप. अन्न दोघांपुरतं आणि माणसं तीन. बोला, कुणाला उपाशी ठेवायचं? म्हाताऱ्याला? की ज्याला रात्री बाहेर पाठवायचंय त्याला आधी खाऊ घालायचं? युद्धबंदीपर्यंत एक जरी जगला तरी डाव जिंकला. पण दुसऱ्याच्या घरातलं पळवून आणलं की माणूस आतून खचतो, आणि तेही खेळात मोजलं जातं.

आता ‘रडकं’ म्हणणाऱ्यांना विचारतो. तुमची पोरं रात्री दोनपर्यंत बीजीएमआय आणि फ्री फायर खेळतात, हेडसेट लावून "मार, मार त्याला" ओरडतात. तेव्हा युद्धाची थट्टा होत नाही? शंभर मेले तरी जेवायला हाक मारताना घरात कुणाला काही वाटत नाही. आणि एका खेळात भूक दिसली की लगेच संस्कार आठवले!

थट्टेचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. ज्याचं घर खरंच पडलंय त्याच्यासमोर फासे टाकून भूक मोजणं बरं दिसत नाही, हे मान्य. पण हा खेळ वॉर्सामधून आला. दुसऱ्या महायुद्धात जे शहर जवळजवळ बेचिराख झालं, तिथल्या नातवंडांनी तो केला. २०२० ला पोलंड सरकारने यातला व्हिडिओ गेम शाळांच्या पूरक वाचन यादीत घालायचं जाहीर केलं, तेही अठरा वर्षांवरच्या मुलांसाठी. मीही सातवीच्या पोरांसाठी म्हणत नाहीये, कॉलेजच्या मुलांसाठी म्हणतोय.

आणि पोलंड आपल्याला परका आहे का? १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. बहुतेक बायका, मुलं, म्हातारी माणसं. घरातून उचलून सोव्हिएत मुलखात नेलेली, तिथून इराणमार्गे जीव वाचवत आलेली. कोल्हापूरकरांनी त्यांना कुणाच्या बाजूचे म्हणून विचारलं नाही. भाऊ, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर तेच.

राहिला तिसरा आक्षेप, "आपल्याकडं युद्ध येणार नाही." आलं होतं की! ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरजवळ होळकर आणि शिंदे-पेशव्यांची लढाई झाली. लढाई एका दिवसाची. पण नंतर फौजांनी पुणे प्रांतातली उभी पिकं चारली, गावं लुटली, आणि १८०३-०४ ला दुष्काळ पडला. माणसं देशोधडीला लागली. जुन्या गावांना गावकूस होतं, धान्य जमिनीखाली पेवात असायचं, ते काय हौसेपोटी? पेव कुठं आहे हे कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हा आपल्या पणज्यांचा खराखुरा डाव होता. आपल्याला लढायांच्या तारखा पाठ, सरदारांची नावं पाठ. त्या सालात चूल कशी पेटली, विचारा कुणाला.

लांब कशाला, ७ मे २०२५ आठवा. देशभर भोंगे वाजवून मॉक ड्रिल झाली. आपण काय केलं? भोंग्याचे रील केले. व्हॉट्सॲपवर "घुसा, संपवा" चाललं होतं आणि त्याच दिवशी पूंछमध्ये तोफगोळ्यांनी साधी माणसं मेली, लेकरं मेली. आपल्याच देशातली. किती स्टेटसना ती दिसली? फौजेतली आणि एसआरपीतली पोरं ज्या घरांत आहेत ती घरं तेव्हा गप्प होती, हे मी दौंडमध्ये पाहिलंय. ओरडत होते ते दुसरेच.

दोन दिवस वीज नाही, टँकर नाही, मेडिकल बंद, असं झालं तर आपल्या आळीत आधी कुणाकडं बघायचं, कुणाला ठाऊक आहे? केंदूर-पाबळ-कान्हूर मेसाईच्या बायांना थोडंफार ठाऊक आहे, त्या टँकरमागे पळाल्यात. सोसायट्यांमधल्या आपल्याला काही ठाऊक नाही. कुरकुंभला रासायनिक कारखाने आहेत, तेव्हा फक्त युद्धाचीच वाट बघायला नको.

अडचण आहे ती वेगळीच. खेळ महाग आहे, काही हजारांत जातो, आणि सगळा मजकूर इंग्रजीत. मग आपला करू या ना. पुठ्ठ्याचा पट, सोंगट्या, हाताने लिहिलेली मराठी कार्डं. गाव भीमा-घोडच्या काठचं, साल १८०३. पेव, गावकूस, आड, एक बैल, पाच माणसं आणि दाराशी आलेला अनोळखी उपाशी माणूस.

ज्यांच्या घरात आजी-आजोबांनी पेवाबद्दल, दुष्काळाबद्दल, पळून जाऊन राहिल्याबद्दल काही सांगितलं असेल त्यांनी खाली लिहा. चित्रं काढणारं कुणी असेल तर इनबॉक्समध्ये या. आणि वाचनालयाच्या समितीवर असलेल्यांनी फक्त एक टेबल आणि रविवारची दुपार द्या, पैसे मागत नाही.

"कुणाच्या बाजूने" विचारणारे भाऊ, तुम्हीही या. एक भिडू कमी पडतोय.