आधी घमेलं, मग फलक

मार्च उजाडला की नगरपालिकांच्या आरोग्य विभागात एक ठरलेली धावपळ सुरू होते. जनजागृतीचा निधी शिल्लक आहे, ३१ तारखेच्या आत खर्ची पडला पाहिजे. तीन कोटेशनं येतात, फ्लेक्सवाल्याला काम मिळतं आणि 'नाल्यात कचरा टाकू नका' या ओळीच्या वर पदाधिकाऱ्यांचे हसरे फोटो घेऊन फलक चौकाचौकांत उभे राहतात. एप्रिलच्या वाऱ्यात त्यातले काही फाटतात. मे महिन्यात नालेसफाई करताना काही खुद्द नाल्यातच सापडतात. थट्टा वाटत असेल तर आपल्या मुकादमाला विचारा.

फलकांवर आमचा राग नाही. आक्षेप आहे तो वेळेवर आणि पत्त्यावर. पावसाळी गटारात काय जातं, केव्हा जातं आणि कुणाच्या हातून जातं हे न पाहता केलेली जनजागृती म्हणजे 'समस्त नागरिक' या नावाने टाकलेलं पत्र. ते स्वतःचं समजून कुणीच उघडत नाही. पैसा मुबलक असता तर तेही चाललं असतं. तो नाही, म्हणूनच नेम धरावा लागतो.

आधी वेळेचं बघू. ऑक्टोबरात पाऊस संपला की पुढचे सात-आठ महिने आपला रस्ता धुतला जात नाही. या काळात डांबरावर आणि काँक्रीटवर टायर-ब्रेकची भुकटी, ठिबकलेलं तेल, बांधकामाची धूळ, गुटख्याच्या पुड्या, मंडईबाहेरचा पाला, कुत्र्या-गुरांची घाण असं सगळं साचत जातं. पहिला दणकून पडणारा पाऊस ते उचलतो आणि अर्ध्या-पाऊण तासात पावसाळी गटारातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत नेऊन सोडतो. वाटेत कुठेही शुद्धीकरण केंद्र लागत नाही. नदी उन्हाळ्याने आटलेली असते, पात्रात पाणी जेमतेम असतं. त्यात हा काळा लोंढा शिरला की पाण्यातला प्राणवायू झपाट्याने उतरतो. पहिल्या पावसानंतर मासे मरून काठाला लागल्याच्या बातम्या येतात, त्यामागे सांडपाणी आणि कारखाने असतात, तसाच रस्त्यावरून आलेला हा लोंढाही असतो. जुलैत याच्या कित्येक पट पाऊस पडला तरी त्या पाण्यात घाणीचं प्रमाण एवढं नसतं, कारण रस्ता एव्हाना धुऊन निघालेला असतो.

म्हणजे आपल्या कामाचा हंगाम फेब्रुवारी ते मे. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच येऊन धडकला, नालेसफाईची ३१ मेची मुदत संपायच्या आत. वळीव तर कुठल्याच तारखेला बांधील नसतो. आणि आपलं आवडतं साधन कोणतं? शाळकरी मुलांची प्रभातफेरी आणि चित्रकला स्पर्धा. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते, त्या उघडतात जूनच्या मध्याला आणि विदर्भात त्याहून उशिरा. वह्या-पुस्तकं, प्रवेश, पालकसभा यांतून वेळ काढून फेरी निघते जुलैत. तोवर वर्षभराची घाण खाडीला लागलेली असते. फेरी काढायचीच असेल तर वार्षिक परीक्षेच्या आधी काढा. फोटो तितकेच चांगले येतील.

आता पत्ता. अमेरिकेत हे काम कायद्याने बांधलेलं आहे. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९९ च्या नियमांनी लहान शहरांनाही पावसाळी पाण्याच्या परवान्याखाली आणलं, आणि त्या परवान्यात सांगितलेल्या सहा किमान उपायांपैकी पहिला लोकशिक्षणाचा आहे. साहजिकच तिथे पत्रकं, चित्रं, गटाराच्या तोंडाशी मासा रंगवण्याचे साचे असं भरपूर साहित्य तयार झालं. ते फुकट मिळतं, आणि आपल्याकडचे सल्लागार ते उचलून मराठीत आणतात. मग आपलं पत्रक नागरिकांना सांगतं की हिरवळीला खत बेताने घाला, घरी गाडीचं ऑईल बदललंत तर गटारात ओतू नका, कुत्र्याची विष्ठा पिशवीत उचला. यातलं तिसरं आपल्या सोसायट्यांना हल्ली लागू पडू लागलं आहे. बाकीच्या दोहोंचं काय? इचलकरंजीत किंवा मालेगावात किती घरांपुढे हिरवळ आहे? आणि गाडीचं ऑईल आपल्याकडे घरी बदलतो कोण?

ऑईल गॅरेजात बदललं जातं, आणि तिथेही आपला अंदाज चुकतो. काळं ऑईल गॅरेजवाला कॅनमध्ये साठवतो, कारण ते विकत नेणारा माणूस ठरलेला असतो. ज्याचे पैसे येतात ते कुणी ओतून देत नाही. गटारात जातं ते रात्री शटर ओढण्याआधी फरशी धुतलेलं पाणी. त्यात सुटे भाग धुतलेलं डिझेल असतं, फिल्टरमधून गळलेलं तेल, कूलंट, साबणाची पावडर असते. त्याच्या दारात 'ऑईल ओतू नका' असा फलक लावलात तर तो म्हणणार, 'साहेब, ओततो कोण? विकतो मी.' आणि त्याचं बरोबर असेल. त्याला सांगायची गोष्ट निराळी आहे: पाणी मारण्याआधी फरशीवर लाकडाचा भुसा टाका, तेल शोषू द्या, झाडून गोणीत भरा. यावर त्याचा पुढचा प्रश्न तयार असतो की ती गोणी नेणार कोण? त्याचं उत्तर खिशात असल्याशिवाय त्याच्या दारात जाऊ नये.

हे कळायला सर्वेक्षण संस्था नेमावी लागत नाही, चेंबरचं झाकण उघडावं लागतं. नवी इमारत उठत असलेल्या एखाद्या गल्लीतलं उघडून बघा. वर पाला आणि चहाचे कागदी कप, त्याखाली काळा, वास मारणारा गाळ, आणि गाळात पहार खुपसली की खाली टणकन आवाज. मिक्सर आणि घमेली-फावडी धुतलेलं पाणी महिनोन्‌महिने त्या जाळीतून गेलेलं असतं आणि तळाला सिमेंट बसलेलं असतं. पाईपचं तोंड निम्मं बुजलेलं. जेटिंग मशीनचं त्याच्यापुढे काही चालत नाही, छिन्नी-हातोडाच घ्यावा लागतो. या गल्लीत कॅरीबॅगवर व्याख्यान देऊन काय होणार? इथे सांगायची गोष्ट एकच आहे आणि ती ऐकायला हवी असा माणूसही एकच आहे, स्लॅबचा कॉन्ट्रॅक्टर. पुढच्या गल्लीत चायनीजच्या गाड्या लागत असतील तर चेंबरच्या कडांना चरबीचा पिवळट थर दिसेल. तिथले ऐकणारे पाच-सहा जण आहेत आणि ते रात्री सात ते अकरा भेटतात. आपली बैठक असते सकाळी अकराला, वॉर्ड ऑफिसात.

कॉन्ट्रॅक्टरला 'टाकू नका' म्हणण्याआधी कुठे टाकायचं ते दाखवावं लागतं. साइटच्या कोपऱ्यात, गटारापासून लांब, एक उथळ खड्डा, त्यात जाड प्लास्टिकचा कागद. धुण्याचं सगळं पाणी त्यात. गाळ खाली बसतो, वर निवळलेलं पाणी पुन्हा अवजारं धुवायला चालतं, तळाची खापरी राडारोड्याबरोबर जाते. खर्च कागदाचा आणि मजुराच्या तासाभराचा. हे पहिल्यांदा आपल्या कनिष्ठ अभियंत्याने उभं राहून करून घ्यावं. कायदा आपल्या बाजूने आहेच. २०१६ मध्ये आलेल्या बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या नियमांतच हा कचरा गटारांना अडथळा होईल असा टाकू नये असं म्हटलं होतं. पण नोटीस दुसऱ्या भेटीत काढावी, पहिल्या भेटीत खड्डा काढावा.

पर्याय आधी आणि बोलणं नंतर, हा क्रम आपल्याकडे एका ठिकाणी चांगला रुजला आहे. नदीत निर्माल्य टाकू नका हे वर्षानुवर्षं सांगून झालं होतं. निर्माल्य कलश घाटावर, नेमका पायरीपाशी येऊन उभा राहिला तेव्हा लोकांचे हात तिकडे वळले. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटमध्ये घरच्या घरी विरघळवण्याची पद्धत दिली आणि महापालिकेने ती पावडर वाटली, तेव्हाही बादलीतल्या विसर्जनाला घरं तयार झाली. श्रद्धेच्या विषयात जे जमलं, ते चायनीजच्या गाडीवर जमू नये असं काही नाही. तिथे लागतो तेलकट पाण्यासाठी एक झाकणाचा पिंप आणि तो रोज उचलणारी गाडी.

सांगायला कोण जाणार, हाही पैशाचाच प्रश्न आहे. बाहेरची पथनाट्य मंडळी चार प्रयोग करून निघून जातात. मुकादम तिथेच असतो, कुठल्या दुकानाचं पाणी कुठल्या जाळीत जातं हे त्याला तोंडपाठ असतं, आणि दुकानदार त्याला नावाने ओळखतो. गाडगेबाबा गावात शिरल्यावर आधी खराटा चालवत, कीर्तन रात्री. आणि कीर्तनातही प्रश्न विचारून उत्तर लोकांच्याच तोंडून काढत. ज्याने आपल्या दारातलं गटार उपसलं त्याचं बोलणं लोक निराळ्या कानाने ऐकतात. मात्र हे काम सफाई कामगारांवर फुकटात लादू नये. जनजागृतीच्या निधीतून त्यांच्या जादा तासांचे पैसे काढता येतात का, हे लेखा विभागाशी भांडून पाहावं. फ्लेक्सच्या बिलाला लागते तेवढी सहनशक्ती त्यालाही लागेल.

आता लिहायचं काय, त्याबद्दल थोडं. 'आपल्या शहरात रोज इतके टन प्लास्टिक नाल्यात जातं' अशी वाक्यं आपल्याला फार प्रिय असतात. अमेरिकेत ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. पर्यटक अश्मीभूत लाकडाचे तुकडे चोरून नेत. 'पूर्वीच्या अनेक पर्यटकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं' अशा अर्थाची पाटी लावली तेव्हा मुद्दाम ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळपास ८ टक्के गेले. नुसतं 'कृपया नेऊ नका' लिहिलं तेव्हा २ टक्क्यांहून कमी. सगळेच करतात हे कळलं की माणसाला ते करायला मोकळीक मिळते. तेव्हा आपल्या फलकावरचा टनांचा आकडा काढून टाका. 'या गल्लीतल्या बारापैकी नऊ गाळ्यांनी पिंप लावला' हे लिहा, खरं असेल तर. आणि जाळीपाशी, बादली घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असं कर्बवर रंगवा: 'हे पाणी थेट मुठेत जातं'. तुमच्या गावची जी नदी असेल तिचं नाव घाला. साचा पत्र्याचा, रंग ऑईलपेंट. रस्त्यावर रंगवलं तर एका पावसाळ्यात पुसलं जातं, कर्बवर टिकतं.

एक अडचण टाळून पुढे जाता येत नाही. बऱ्याच शहरांत पावसाळी गटार हे नावालाच पावसाळी आहे. बारमाही मैलापाणी त्यातूनच वाहतं, आणि जोडण्या देणारे बहुधा आपणच असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं आणि प्रक्रिया होत होती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. अशा ठिकाणी चहाच्या कपावरून नागरिकांना बोल लावलेत तर कुणीतरी उठून विचारणारच, 'आणि तुमचं काय?' २६ जुलै २००५ नंतर मुंबईत हेच झालं. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, प्लास्टिकच्या पिशव्या आरोपी ठरल्या आणि त्या निर्दोष नव्हत्याही. पण मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, हे त्याच आवाजात सांगितलं गेलं नाही. पालिकेने आपली अर्धी बाजू आधी मांडली की समोरचा त्याची अर्धी मानायला तयार होतो. ज्या गल्लीत मैलापाण्याची जोडणी तोडायची बाकी आहे तिथे यंदा मोहीम नेऊच नये, शेजारची गल्ली घ्यावी.

शेवटी मोजमाप. 'इतके फलक, इतक्या सभा, इतके विद्यार्थी' असा अहवाल वरिष्ठांना चालतो, पण त्यातून गटारात काय बदललं ते कळत नाही. दोन सारख्या गल्ल्या निवडा. दोन्हींतल्या चार-चार जाळ्यांखाली कांद्याची जाळीदार गोणी तारेने अडकवा, दर आठवड्याला काढा, घमेल्यात ओता, घमेली मोजा, वेगवेगळं काय निघालं ते वहीत लिहा. तीन आठवडे काहीच न बोलता हे करा. मग एका गल्लीत मोहीम चालवा, दुसरी तशीच ठेवा, आणि मोजणं चालू ठेवा. मुकादम, एक वही, काही गोण्या. आभाळ भरून आलं की गोण्या आधी काढायच्या, नाहीतर गल्लीत पाणी तुंबेल आणि जनजागृतीचं नाव कायमचं निघेल.

ऑगस्टच्या अंकात अशा वह्यांसाठी चार पानं राखून ठेवली आहेत. गल्लीचं वर्णन, मोहिमेआधीची आणि नंतरची घमेली, झालेला खर्च, आणि कोण कोणाशी काय बोललं एवढं पाठवा. फरक पडला नसेल तरी पाठवा. ती वही आम्ही आधी छापू. उद्घाटनाचे फोटो मात्र नकोत.