खंजेरीच्या झांजा कुठे गेल्या?

परदेशातल्या संगीतवाल्यांना सध्या जुन्या सॅम्पलरचं भारी वेड लागलंय. सॅम्पलर म्हणजे खरा आवाज साठवून घेऊन तो बटणावर किंवा पट्टीवर वाजवून देणारं यंत्र. ई-म्यू कंपनीचं एसपी-1200 हे 1987 सालचं यंत्र. 12 बिटांचं, आणि साठवण सगळी मिळून 10 सेकंदांची. जागा वाचवायला तेव्हाची पोरं 33च्या गतीची तबकडी 45वर फिरवून आवाज भरून घ्यायची आणि मग यंत्रात तो सावकाश करायची. त्या काटकसरीत आवाजाला एक खरखर यायची. आज संगणकावर तीच खरखर आणून देणारी सॉफ्टवेअरं पैसे मोजून घेतली जातात.

मी हिंगणघाटचा. ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो. 14 एप्रिलला भीमगीतं, गणपतीत जागरण, उन्हाळ्यात लग्नं. त्यामुळे हे वेड मला कळतं. झंकार बीट्सच्या कॅसेटी आठवा. मुकेशच्या दर्दभऱ्या गाण्यावर कुणीतरी मागाहून ढिकचॅक चढवलेलं असायचं. जाणकार कपाळाला हात लावायचे, पण ऑटोवाल्यांनी त्याच कॅसेटी झिजवल्या. आजही पुलगाव-आर्वीकडच्या वरातीत ती जुनी यंत्राची ढोलक वाजली की चाळिशीपुढचे गडी आपोआप नाचायला उतरतात. मीही उतरतो.

पण त्या खरखरीचं कौतुक करताना तिने काय गिळलं, तेही सांगायला हवं.

शाळेत असताना माझ्या हाती मामाचा कॅसिओ एसके-1 आला. 1980च्या दशकातला हा छोटा कीबोर्ड म्हणजे गरिबाचा सॅम्पलर. माइकमध्ये बोला, तो 1.4 सेकंदांचा आवाज साठवणार आणि तुमचाच आवाज सगळ्या पट्ट्यांवर वाजवून दाखवणार. घरच्यांची नावं, कुत्र्याचं भुंकणं, सगळं भरून झाल्यावर आम्ही भजनी मंडळातल्या काकाजींना पकडलं आणि त्यांच्या खंजेरीचा एक ठोका भरला. काकाजींनी पट्टी दाबून पाहिली, पुन्हा दाबली. म्हणाले, "काहून बाबू, हे त रिकाम्या डब्यावर ठोकल्यावानी वाटते. माह्या झांजा कुठी गेल्या?"

त्या झांजा कुठे गेल्या, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगलं. एसके-1 सेकंदाला साधारण 9,380 वेळा आवाजाची नोंद घेतो. अशा यंत्राला त्याच्या निम्म्याच्या वरचं, म्हणजे 4,700 हर्ट्झच्या पुढचं, काही टिपताच येत नाही. कातड्यावरची थाप त्या हद्दीत बसते. लाकडी कड्यातल्या झांजांची चमक मात्र बरीचशी तिच्या वर असते. थाप आली, चमक गेली. शिवाय खंजेरीत झांजा थापेनंतरही शहारत राहतात, मनगट हललं की तो शहारा बदलतो. 1.4 सेकंदात त्याचं शेपूट कापलं जातं, आणि दर वेळी तोच एक ठोका जसाच्या तसा वाजतो. हाताने सलग दोनदा तोच ठोका कुणी वाजवून दाखवावा!

पुढे रोलँडचं एसपीडी-20 हे ऑक्टोपॅड आलं. त्यात 700 आवाज. तबला होता, टॅम्बोरिन होतं, परदेशी वाद्यंही ढिगाने. आमची खंजेरी नव्हती, डफडंही नव्हतं. खंजेरीच्या जागी आम्ही टॅम्बोरिन ठोकायचो आणि लोक चालवून घ्यायचे. रोलँड जपानी, कॅसिओही जपानी. आणि खंजेरीवर भजनं गाणारे आमचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1955 साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला जाऊन आलेले, हे आठवलं की मला हसू येतं.

त्या कारखान्यांवर माझा राग नाही. त्यांचं गिऱ्हाईक जगभर, त्यांनी वर्ध्याची खंजेरी कशाला भरावी? मेमरी महाग, प्रत्येक आवाजाला जागा मोजून मिळायची. ते कारण आज उरलेलं नाही. खिशातला साधा मोबाइल सेकंदाला 48,000 नोंदी घेतो. तरी स्टुडिओतली पोरं भजनाच्या रेकॉर्डिंगला आयतं सॅम्पल शोधतात, कुठल्या तरी गावची ढोलक उतरवून घेतात आणि वरून जुन्या यंत्राची खरखर चढवतात. आपल्याकडे गावोगाव खंजेरी भजन स्पर्धा होतात. तीन-चार तालुक्यांतली मंडळं एका मांडवात येतात, आणि आवाजाची नोंद राहते ती मागे बसलेल्या कुणाच्या तरी मोबाइलवर, भोंग्याच्या कर्कश्श आवाजासकट.

हे काम विद्यापीठाने अंगावर घ्यावं. वर्ध्याची महाविद्यालयं ज्या नागपूर विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याला नाव तुकडोजी महाराजांचं आहे. वर्ध्यातल्या हिंदी विश्वविद्यालयानेही हात लावला तर उत्तमच. अख्खं भजन मुद्रित करून भागणार नाही, ते पुष्कळ झालंय. एकेक ठोका हवा: बोटाचा, पंजाचा, कडेवरचा, नुसत्या झांजांचा. प्रत्येक ठोका हळूपासून जोरापर्यंत निदान आठ-दहा वेळा, म्हणजे यंत्रातही तो दर वेळी वेगळा वाजेल. पावसाळ्यात कातडं सैल पडतं तेव्हाचा वेगळा, शेकून ताणल्यावरचा वेगळा. डफड्याचंही तसंच. मग हे सगळं फुकट खुलं करावं, फायलीवर वाजवणाऱ्याचं आणि त्याच्या गावाचं नाव घालून. मानधन त्याच दिवशी हातात द्यावं. धनादेशासाठी भजनी मंडळातल्या म्हाताऱ्याला नागपूरला खेटे घालायला लावू नये.